ट्रॉलीच्या चाकातली हवा

आमचा लग्नकार्यांना जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा. जनरेटर दोनचाकी ट्रॉलीवर, पुढं पिकअप. मागच्या मे महिन्यात काटोल रोडनं रात्री परत येत होतो. एक दुचाकीवाला बाजूला येऊन ओरडला, "भाऊ, मागचा टायर पुरा गेला ना!" उतरून पाहतो तर टायरच्या चिंध्या, रिम डांबरावर घासलेली. गाडीचं स्वतःचं चाक बसलं की स्टिअरिंग ओढतं, बुडाला कळतं. ट्रॉलीचं चाक बसलं तर पत्ता लागत नाही. आणि रात्रीच्या अंधारात आरशात काय दिसणार?

मग व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर आणले. ते टायरमधल्या हवेचा दाब आणि तापमान केबिनमधल्या पडद्यावर दाखवतात. आमच्या पंक्चरवाल्यानं आधी धातूचे व्हॉल्व्ह टाकायला लावले. "रबरीवर हे वजन नका टाकू, मुळाशी चिरते," म्हणाला. सेन्सर आतली पिन सतत दाबून धरतो, म्हणून बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघितलं. जनरेटरच्या लोखंडी खोक्यामुळे केबिनमध्ये सिग्नल येईना, तेव्हा ट्रॉलीच्या दांड्याजवळ सिग्नल पुढं पाठवणारा रिपीटर लावावा लागला. हा खर्च दुकानदारानं आधी सांगितला नव्हता.

पहिल्याच फेरीत मी गाढवपणा केला. सकाळी 45 पीएसआय हवा भरली आणि इशारा वाजायची वरची मर्यादा 50 ठेवली. वर्धा रोडवर दुपारचं ऊन, बुटीबोरीच्या आत टूं टूं सुरू. आकडा 51, तापमान 60 अंश. घाबरून मी दोन्ही चाकांतली हवा थोडी सोडली. दुसऱ्या सकाळी थंड टायरमध्ये 40च उरली होती! तापलेला टायर 5-6 पीएसआय वर जातोच. कमी हवेचा टायर मात्र जास्त वाकतो, त्यानं अजून तापतो, आणि फुटतो तो असा. आता हवा सूर्य चढायच्या आधी भरतो. वरची मर्यादा 58, खालची 40.

पैसे वसूल झाले ते उमरेड रोडवर. पाचगावच्या अलीकडे डावं चाक 45, 43, मग 39. ऊन असताना आकडा उतरतोय म्हणजे हवा जातेच आहे. थांबलो, तर टायरमध्ये खिळा. जॅक लावून स्टेपनी चढवली, मांडवात वेळेवर पोचलो. वऱ्हाडाला कळलंही नाही.

मित्र विचारतो, कारला लावू का? कारला लावलं नाही तरी एकवेळ चालेल, ट्रॉलीला मात्र लावच. पण भरवसा हवेपुरताच ठेव. गेल्या महिन्यात उजव्या चाकाचं बेअरिंग जळायला आलं होतं आणि पडद्यावर सगळं ठीक. चहाला थांबलो तेव्हा हबजवळ हात नेला, चटका बसला म्हणून कळलं.