अधातूंचा कप्पा: गंधक, आयोडीन आणि ग्राफाइट

मूलद्रव्यांच्या संग्रहातील अधातूंचा कप्पा या टप्प्यात बराचसा भरला आहे. नमुने कुप्यांत भरून लेबले लावण्यावर न थांबता प्रत्येकाची चकाकी, वर्धनीयता (ठोकल्यावर पत्रा होण्याचा गुण), घनता आणि विद्युतवाहकता तपासून नोंद करायची, असे ठरवले होते. कारण अधातू निस्तेज, ठिसूळ, हलके आणि दुर्वाहक असतात, हे शाळेत पाठ केलेले वाक्य प्रत्यक्ष नमुन्यांसमोर कितपत टिकते, ते मला पाहायचे होते.

त्या वाक्याला सर्वांत प्रामाणिकपणे जागतो तो गंधक. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा खडा गंधक यासाठी चांगला. द्राक्षबागांत भुरीवर फवारण्यासाठी मिळणारी पाण्यात मिसळणारी भुकटी मात्र घेऊ नये, कारण तिच्यात गंधकाखेरीज इतर घटकही असतात. खडा मुठीत धरून कानाजवळ नेला, की बारीक तडतड ऐकू येते. गंधक उष्णतेचा इतका दुर्वाहक आहे, की हाताच्या उबेने बाहेरचा थर प्रसरण पावतो, आतला भाग थंडच राहतो आणि त्या ताणाने खड्याला तडे जातात. म्हणून सुबक स्फटिक उघड्या हातात फार वेळ धरू नयेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. हाच खडा लोकरीवर घासला, की कागदाचे कपटे उचलतो. सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिके यांनी घर्षणविद्युत निर्माण करण्यासाठी गंधकाचाच गोळा वापरला होता.

गंधक वितळवण्याचा प्रयोग अंगणात, मंद आचेवर आणि परीक्षानळी झाकता येईल अशी सोय ठेवून केला, कारण गंधक सहज पेट घेतो आणि त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड श्वासनलिकेला झोंबतो. सुमारे ११५ अंश सेल्सिअसला मिळणारा द्रव पिवळा आणि पाण्यासारखा वाहता असतो. तापमान १५९ अंशांच्या पुढे जाताच तो तांबूस होतो आणि पाहता पाहता इतका दाट होतो, की नळी उलटी केली तरी जागचा हलत नाही. आठ अणूंची कडी तुटून त्यांच्या लांबच लांब साखळ्या बनतात आणि त्या एकमेकींत गुंततात, हे या दाटपणाचे कारण. आणखी तापवल्यावर साखळ्या तुटून तोच द्रव पुन्हा पातळ होतो; त्या अवस्थेत तो थंड पाण्यात ओतला, की रबरासारखा ताणला जाणारा प्लास्टिक गंधक हाती येतो. काही दिवसांत तो पुन्हा पिवळा आणि ठिसूळ होतो, त्यामुळे संग्रहात त्याचे छायाचित्रच ठेवावे लागते. एकाच मूलद्रव्याची इतकी रूपे घरच्या घरी दाखवणारा दुसरा नमुना माझ्या माहितीत नाही.

आयोडीन मात्र चकाकीच्या कसोटीवर धातूंच्या रांगेत जाऊन बसते. त्याच्या काळसर निळ्या पापुद्र्यांना पोलादासारखी झळाळी असते आणि घनता ४.९३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या २.७ च्या कितीतरी पुढे. तरीही नेहमीच्या दाबाखाली ते वीज वाहून नेत नाही; त्यासाठी वातावरणाच्या दीड लाख पटींहून अधिक दाब लागतो आणि तेव्हा ते खरोखरच धातूसारखे वागू लागते. त्याची वाफ साध्या झाकणातून निसटते आणि शेजारच्या नमुन्यांचे धातू गंजवते, म्हणून ते तोंडाची काच वितळवून बंद केलेल्या कुपीतच ठेवले आहे. १८११ मध्ये बर्नार्ड कूर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करताना दिसलेली जांभळी वाफ कुपी किंचित कोमट केल्यावर पांढऱ्या कागदासमोर स्पष्ट दिसते.

ग्राफाइटची कांडी साध्या कोरड्या घटातील आहे. मल्टिमीटरवर तिचा रोध जेमतेम काही ओहम भरतो. ग्राफाइटमधील प्रत्येक कार्बन अणू तीनच शेजाऱ्यांशी बांधलेला असतो आणि उरलेला चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो; हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असल्यामुळे तो विजेचा दुर्वाहक ठरतो.

चकाकी, घनता आणि वाहकता या तिन्ही बाबतींत अपवाद सापडले. हातोडीखाली मात्र एकाही नमुन्याचा पत्रा झाला नाही. गंधकाचा भुगा झाला, ग्राफाइटचे कपचे उडाले. धातूत अणूंचे थर सरकले तरी मोकळे इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात. ग्राफाइटमध्ये असे इलेक्ट्रॉन आहेत, पण ते आपापल्या थरापुरतेच बांधून ठेवतात आणि दोन थरांमधील पकड अगदी दुबळी असते. म्हणूनच माझ्या नोंदवहीत वर्धनीयतेला मी वाहकतेच्या वरचे स्थान दिले आहे.

पुढचा नमुना सेलेनियमचा आहे. प्रकाश पडल्यावर त्याचा रोध घटतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये नोंदवले होते. सेलेनियमची धूळ आणि वाफ विषारी असल्याने मोकळा तुकडा हाताळण्याऐवजी, जुन्या कॅमेऱ्यांसोबत वापरला जाणारा, बॅटरीशिवाय चालणारा सेलेनियमचा लाइट मीटर जुन्या बाजारात शोधत आहे. उजेडात काटा हलत असेल, तरच तो घ्यायचा आहे.