परमिट आणि चार सह्या

न्यू जर्सीत माझं छोटं दुकान आहे. रात्री अकराला शटर ओढायचं, गल्ल्यातली रोकड पिशवीत घालायची आणि मागच्या अंधाऱ्या पार्किंगमधून गाडी गाठायची, हा अनेक वर्षांचा शिरस्ता. स्वतःच्या दुकानाच्या आत मालकानं पिस्तूल ठेवलं तर इथे परमिट लागत नाही. प्रश्न दाराबाहेरच्या त्या चाळीस पावलांचा होता.

2022 पर्यंत माझ्यासारख्याला बाहेर पिस्तूल बाळगायचं परमिट मिळणं जवळपास अशक्य होतं. आपल्या जिवाला इतरांपेक्षा वेगळा, नेमका धोका आहे हे सिद्ध करावं लागे. रोकड नेतो म्हणून भीती वाटते, एवढ्यावर भागत नसे. 23 जून 2022 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची तसलीच अट उडवली, तशी आमच्याकडचीही गेली. पण डिसेंबरात न्यू जर्सीनं नवा कायदा केला. फी 200 डॉलर, प्रशिक्षण, आणि चार प्रतिष्ठित माणसांची शिफारस. नातेवाईक चालत नाहीत, ओळख किमान तीन वर्षांची हवी.

नेमबाजीची मला धास्ती होती. पन्नासपैकी चाळीस गोळ्या निशाण्यात बसायला हव्यात, आणि माझ्या सगळ्या खाली डावीकडे. प्रशिक्षकानं मला न सांगता मॅगझिनमध्ये एक नकली काडतूस घातलं. मी चाप ओढला, बार उडालाच नाही, तरी पिस्तुलाचं नाक खाली बुडलं. आवाजाच्या भीतीनं हात आधीच दचकत होता. तो फक्त हसला. तीन शनिवार गेले आणि चाचणी पास झालो.

माणसं जमवणं मात्र महाकठीण. बारा वर्षं शेजारी राहणारा म्हणाला, "तुला काय हवं ते माग, पण बंदुकीच्या कागदावर माझं नाव नको." मला राग आला नाही, त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. मंडळाच्या माजी अध्यक्षांनी आधी चहा पाजला, मग अर्धा तास समजावलं, "अरे, त्यापेक्षा कॅमेरे लाव." कॅमेरे होतेच. शेवटी त्यांनीच पहिली सही दिली. दुसरी माझ्या अकाउंटंटची, तिसरी दुकानात माल पोचवणाऱ्याची, चौथी माझ्या शुक्रवारच्या बैठकीतल्या मित्राची.

पोलीस शिफारस करणाऱ्यांशीही बोलतात. अर्जदार किती पितो, हाही त्यात प्रश्न असतो. आणि त्या मित्रानं पिताना मला सगळ्यात जवळून पाहिलेलं! फोन ठेवल्यावर त्याचा मेसेज आला, "दोन पेग सांगितले. खरं तेच सांगितलं." घरी बायको एवढंच म्हणाली, "अहो, माझी कुणी सही मागितली नाही, बरं झालं."

कायद्यात नव्वद दिवसांत निकाल द्यायचं लिहिलंय. माझा त्याहून लांबला. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे." हा भाग सांगण्यासारखा नाही.

हातात परमिट आल्यावर खरा अभ्यास सुरू झाला. पोकळ टोकाच्या गोळ्या घरात ठेवता येतात, कमरेला लावून फिरता येत नाही. दारू मिळते त्या हॉटेलात पिस्तूल न्यायचं नाही. आणि डेलावेअर नदी ओलांडून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गेलं की माझं कार्ड नुसतं प्लास्टिक. पेनसिल्व्हेनियाचं परमिट बहुतेक ठिकाणी शेरीफकडे मिळतं, फी वीस डॉलर, प्रशिक्षणाची सक्ती नाही; पण तेही न्यू जर्सीत चालत नाही. 2013 साली फिलाडेल्फियाची एक तरुण आई ते इथे चालतं अशा समजुतीत इकडे आली, गाडी थांबवल्यावर पिस्तूल आहे म्हणून स्वतःच पोलिसाला सांगितलं आणि अटक झाली. 2015 मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस्ती यांनी माफी दिली तेव्हा कुठे ती त्या प्रकरणातून मोकळी झाली. माझी बहीण नदीपलीकडेच राहते, त्यामुळे ही गोष्ट मी विसरत नाही.

मंडळाचे गणपती-दिवाळीचे कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होतात. तिथेही बंदी. म्हणजे चार सह्या ज्यांनी दिल्या त्यातल्या तिघांना भेटतो तेव्हा पिस्तूल घरच्या तिजोरीतच असतं. माजी अध्यक्ष दर वेळी हळूच माझ्या शर्टाच्या टोकाकडे बघतात.

परमिट दोनच वर्षांचं. नूतनीकरणाचे कागद आता काढायला घेतलेत, आणि माल पोचवणारा मार्चमध्ये कायमचा नाशिकला परत गेला.