ओंडक्याच्या तोंडावरचा पाऊस

नववीत जीवशास्त्राच्या तासाला बाईंनी विचारलं होतं, "विहिरीच्या काठावरच्या पंपाला दहा मीटरपेक्षा खोलचं पाणी ओढता येत नाही. मग आपल्या वडाच्या शेंड्याला पाणी कोण पोचवतं?" कुणी म्हणालं मुळं ढकलतात, कुणी म्हणालं खोड शोषून घेतं. बाईंनी एकही उत्तर खोडून काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या टेकडीवरून तेरडा घेऊन आल्या आणि लाल शाईचं पाणी भरलेली बरणी टेबलावर ठेवली.

देठ पाण्याखाली धरूनच कापायचा, असं त्यांनी आधी बजावलं. बाहेर कापला तर हवा शिरते आणि काम बिघडतं. तेरड्याचं खोड जवळपास पारदर्शक असतं, त्यामुळे लाल रेघा वर चढताना उघड्या डोळ्यांनी दिसल्या. तास संपेपर्यंत शाई पानांच्या शिरांत पोचली होती. मग बाईंनी ब्लेडने खोडाचा पातळ आडवा काप घेतला आणि तो काचपट्टीवर ठेवून प्रत्येकाला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावला. कडेने लाल ठिपके मांडलेले, बाकी सगळं कोरं. "पाणी वाटेल तिथून जात नाही, ह्या नळ्यांतूनच जातं. आणि ओढतात ती पानं." पानांतून वाफ उडते, तिच्या जागी खालचं पाणी खेचलं जातं, आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्याने मुळापर्यंतची अख्खी धार ताणली जाते. हा विचार डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडला. आम्हाला तो ऐंशीच्या दशकात, पुण्यात, तेरड्याच्या देठातून कळला.

माझं घर टिंबर मार्केटातलं. वडिलांची वखार होती, आज ती मी चालवतो. त्या दिवशी शाळेतून परतल्यावर मी भिंग घेऊन सागाच्या ओंडक्यापाशी बसलो. ओंडक्याचं तोंड रंध्याने साफ केलं, ओल्या फडक्याने पुसलं. वर्तुळं रोजचीच होती, पण आता दिसलं की प्रत्येक वर्तुळ मोठ्या भोकांच्या ओळीने सुरू होतं आणि पुढे भोकं बारीक होत जातात. शेजारच्या आंब्याच्या फळीत तसं काहीच नव्हतं, सगळीकडे सारखे विखुरलेले ठिपके. आमचे सुतार साग ओळखायचे तो ह्याच ओळींवरून. ती ओळ का पडते, हे मात्र बाईंनी सांगितलं.

साग उन्हाळ्यात निष्पर्ण उभा असतो. पावसाची चाहूल लागली की पालवी फुटते आणि सालीखाली नवं लाकूड धरू लागतं. सुरुवातीचं लाकूड रुंद नळ्यांचं, पाऊस ओसरत आला की बारीक नळ्यांचं. नळीची रुंदी दुप्पट झाली तर तेवढ्याच ओढीने १६ पट पाणी जातं, म्हणून भर पावसात रुंद नळी फायद्याची. पण जमीन सुकू लागली की ताण वाढतो, नळीच्या भिंतीतल्या सूक्ष्म खळग्यांतून हवा आत खेचली जाते, बुडबुडा होतो आणि ती नळी निकामी होते. कमी पावसाच्या मुलखात झाडांच्या नळ्या साधारणपणे बारीक आणि संख्येने जास्त असतात, त्या ह्यामुळेच. पुरेशा नळ्या बंद पडल्या की फांद्या वाळतात, आणि शेवटी झाड.

पुण्यात वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस, लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास. अंतर जेमतेम ६५ किलोमीटर. तिकडची झाडं सदाहरित, आपल्या वेताळ टेकडीवरची पानझडी. पान गाळणं म्हणजे वाफ थांबवणं, म्हणजेच नळ्यांवरचा ताण वाढू न देणं. काटेसावर त्यापुढे जाऊन खोडातच पाणी धरून ठेवते आणि भर कोरड्या दिवसांत, अंगावर एक पान नसताना, फुलते. वड-पिंपळाची मुळं खोल, म्हणून ऐन एप्रिलमध्ये त्यांना कोवळी पालवी परवडते. पुण्यात वाढलेला मुलगा हे सगळं बघत असतोच. बाईंमुळे आम्ही ते वाचायला शिकलो.

पुढे कळलं की पुण्यातच पाषाणला असलेल्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत, सागाच्या वर्तुळांवरून जुन्या काळच्या मान्सूनचा अंदाज बांधतात. आमच्या वखारीत पडलेल्या लाकडात पावसाची नोंद आहे, ह्याचा मला फार आनंद झाला. २०१२ साली 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने मात्र काळजी वाटली. जगभरातल्या ८१ ठिकाणच्या २२६ जातींपैकी ७० टक्के झाडं नळ्या बंद पडण्याच्या उंबरठ्याजवळच जगतात, आणि हे ओल्या जंगलांनाही तितकंच लागू आहे. जिथे जसा पाऊस तशी झाडाची बांधणी, आणि जादा शिल्लक कुठेच फारशी नाही. पाऊस लांबला की भरपूर पावसाच्या ताम्हिणी घाटातलं झाडही अडचणीत येतं.

म्हणून आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिच्या मागच्या उतारावर झाडं लावायचं ठरलंय, तिथे माझा आग्रह आहे. लवकर हिरवं दिसतं म्हणून रोपं निवडू नयेत. त्या मुरमाड उतारावर पुण्याच्या पावसात उभी राहतील अशीच घ्यावीत: पांगारा, काटेसावर, बहावा. आणि पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांना पाणी घालायची जबाबदारी वर्गांना वाटून द्यावी, कारण रोपाची मुळं खोल गेलेली नसतात आणि मोठ्या झाडाचा हिशेब त्याला लागू होत नाही.

प्रयोगशाळेसाठी सागाची आणि आंब्याची एकेक चकती रंधा मारून पाठवली आहे. सागाच्या चकतीवर एका जागी वर्तुळं अगदी दाट झाली आहेत. ती का, हे नववीच्या मुलांना विचारा. उत्तर आधी सांगू नका.