उरलेलं लोह जातं कुठे?

सकाळी सातला आईचा फोन. "अगं, शौचाला काळंभोर झालंय. शाईसारखं. पोटात रक्त तर नाही ना?"

अलकापुरीहून दांडिया बाजारला पोचेपर्यंत जीव टांगणीला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त नाही, लोह आहे. हिमोग्लोबिन ८.४ आलं म्हणून चारच दिवसांपूर्वी गोळ्या सुरू झाल्या होत्या.

बडोद्यातल्या औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काढली. गोळी किती मिनिटांत विरघळते ते मोजायचं; विरघळली की आमच्यापुरती ती संपली. पण ६० मिलिग्रॅम लोहातलं जेमतेम दहा-पंधरा टक्के रक्तात जातं. बाकीचं मोठ्या आतड्यात उतरतं, आणि तिथे जंतूंची खाणारी तोंडं कोट्यवधी. ई. कोलाय आणि तिचे भाऊबंद तर लोहासाठी वखवखलेले. ते ओढून आणायला खास रेणू बाहेर सोडतात. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसला लोह जवळपास लागतच नाही, त्याचं मँगनीजवर भागतं. म्हणजे पंगतीत वाढणं एकाच बाजूला! केनियातल्या तान्ह्या मुलांना लोह घातलेली पूड दिली, तेव्हा बायफिडोबॅक्टेरिया हे उपकारक जंतू घटले आणि ई. कोलायसारखे वाढले, असं २०१५ साली छापून आलं.

म्हणून गोळी बंद करायची का? छे. ८.४ म्हणजे ८.४. पण आई लोह, कॅल्शियम आणि कपभर दूध एकदमच घेत होती, "एकदाचं उरकलं की झालं" म्हणून. कॅल्शियम लोहाची वाट अडवतं, मग उरणारं आणखी वाढतं. आता डॉक्टरांना विचारून लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम रात्री.

तिची जुनी सोबतीण मेटफॉर्मिन, मधुमेहाची गोळी. ती यकृतात मोडत नाही, लघवीवाटे जशीच्या तशी निघून जाते. जाता जाता आतड्यातली वस्तीही बदलते. २०१८ मध्ये हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी हजारावर औषधं आतड्यातल्या ४० प्रकारच्या जंतूंवर लावून पाहिली. जी जंतूंसाठी नव्हतीच, अशा औषधांपैकी २४ टक्क्यांनी निदान एकाची तरी वाढ रोखली. आमच्या तपासणीच्या तक्त्यात याला रकानाच नव्हता.

पुढे गटार, मग नदी. विश्वामित्रीतल्या मगरींच्या पोटातही जंतू असणारच की. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून सोडत, त्यातही लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतू मारणारं अँटिबायोटिक सापडलं होतं, २००७ साली. पेशंटच्या रक्तातही एवढं नसतं.

हे सगळं मी आईला रंगवून सांगत होते, तेवढ्यात ती मुदत संपलेली सिप्रोची पट्टी घेऊन मोरीकडे निघाली. मी ओरडलेच.

"मग टाकू कुठे?"

कोपऱ्यावरचा केमिस्ट घेईना. तीन आठवडे झाले, पट्टी माझ्या पर्समध्येच आहे.