लग्नात आणि हनिमूनला ऐनवेळी काय बिघडतं?

लग्नाची व्यवस्था पाहणाऱ्या आम्हा लोकांना वधूवरांचे आईवडील पहिल्याच भेटीत विचारतात, "ऐनवेळी काय काय बिघडू शकतं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो. पाऊस, वीज जाणं, आचाऱ्याने दगा देणं यांची धास्ती सगळ्यांनाच असते, त्यामुळे त्यांची तजवीज कोणी ना कोणी केलेली असते. घोटाळा होतो तो ज्या कामाला घरात वाली नसतो तिथे. अशी बरीच कामं लग्न आणि हनिमून यांच्या सांध्यावर सापडतात. लग्नाची यादी मोठी माणसं करतात, फिरण्याची यादी ती दोघं करतात, आणि या दोन याद्या शेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

नावाचंच बघा. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत ताटातल्या तांदळांत अंगठीने पहिलं नावही नवं लिहितात. मग सासरचं कोणीतरी हौसेने नव्या नावाने तिकिटं काढतं. पासपोर्टवर मात्र माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव. परदेशी जाणाऱ्या विमानात अशा तिकिटावर चढू देत नाहीत. स्पेलिंगची बारीक चूक विमान कंपन्या दुरुस्त करतात. अख्खं नाव बदलायचं म्हटलं की बहुधा तिकीट रद्द करून नवं काढावं लागतं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच हवं अशी सक्ती नाही. पहिला प्रवास जुन्याच नावाने करावा आणि नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर निवांत बदलावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

विवाह नोंदणीचा अर्ज मुहूर्ताच्या दिवशीच पुरा करावा. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते; उशीर झाला तर दंड भरावा लागतो. अर्जावर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या कार्यालयात गेले की त्या एका सहीसाठी आठवडे जातात. कोरा नमुना आणि पेन पूजेच्या साहित्यातच ठेवा, सप्तपदी झाली की लगेच सही घ्या.

मेंदीचा अडथळा कोणाच्या ध्यानीमनी नसतो. व्हिसासाठी बोटांचे ठसे घेतात आणि बोटांच्या टोकांवर मेंदी असेल तर ते नीट उमटत नाहीत. ब्रिटनच्या व्हिसासाठी तर बोटांवर मेंदी नको असं सूचनांतच असतं. म्हणून व्हिसाची भेट मेंदीच्या आधी उरकून घ्या. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांसाठी, दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे आधी कधी दिले असतील तर तारीख तपासा. आणि तासाभरात काळी कुळकुळीत रंगते अशी मेंदी लावूच नका. खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि दिवसभरात गडद होत जाते. झटपट काळ्या मेंदीत बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने कातडीवर फोड येतात, तेही बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी, म्हणजे नेमके लग्नाच्या दिवशी.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांबद्दल बायका दबक्या आवाजात विचारतात, म्हणून इथे उघडच सांगतो. साधारणपणे नॉरएथिस्टेरॉन देतात. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी ती सुरू करायची असते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. हा हिशोब लग्नापुरताच केला जातो. रविवारी लग्न, सोमवारी सत्यनारायण, पूजा आटोपली म्हणून गोळी बंद, आणि गुरुवारी डोंगरातल्या हॉटेलात पोटदुखी. शिवाय या गोळ्यांनी गर्भधारणा टळत नाही, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेला असेल तर त्या घेऊच नयेत. लग्नाच्या दोन महिने आधी डॉक्टरांना लग्नाच्या आणि हनिमूनच्या दोन्ही तारखा दाखवल्या तर चक्रच सरकवता येतं का ते बघता येतं.

मांडवात मला सर्वांत जास्त काळजी होमाची वाटते. बंद एसी हॉलमध्ये ओल्या समिधा आणि गोवऱ्या पेटल्या की धुराचा अलार्म वाजतो आणि पळापळ होते. समिधा कोरड्या आणा, होमाची जागा खिडकीशी घ्या, आणि अलार्मबद्दल व्यवस्थापकाशी आदल्या दिवशी बोला. त्याने त्या भागाचा अलार्म तेवढ्यापुरता बंद केला, तर होम संपेपर्यंत अग्निशामक घेऊन माणूस उभा हवा. सप्तपदीत शेला आणि उपरण्याची गाठ खाली लोंबते, कुंडाशेजारून जाते आणि फोटोच्या गडबडीत कोणाचं तिकडे लक्ष नसतं. करवलीने ती गाठ हातात धरूनच चालावं. नायलॉनच्या जाळीची ओढणी तर होमाला नकोच. ती पेटली की वितळून कातडीला चिकटते.

दागिन्यांची पिशवी जाते ती मंगलाष्टकांच्या वेळी. सगळे अक्षता घेऊन मांडवात आणि वधूपक्षाची खोली उघडी. अक्षता टाकायला न येणारा एक विश्वासू माणूस आधीच ठरवा आणि किल्ली त्याच्याकडेच द्या.

जेवणात त्या मानाने कमी बिघडतं. जपायचं ते वऱ्हाडाच्या बसमध्ये बांधून दिलेल्या डब्यांना. दुपारची बासुंदी किंवा मसालेभात चार-पाच तास उन्हात राहिला की त्यात जंतूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. सोबत लाडू, चिवडा द्या.

लग्नानंतर सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन, कुठे गोंधळ. जेजुरीला नवऱ्याने बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या, तेही तीन रात्रींच्या जागरणानंतर. एवढ्यावर लगेच विमान गाठू नका, मध्ये निदान दोन मोकळे दिवस ठेवा. थकलेल्या शरीराला, कमी पाणी पिऊन आणि लघवी तुंबवून केलेल्या प्रवासात, मूत्रमार्गाचा संसर्ग लवकर गाठतो, आणि नव्याने शरीरसंबंध सुरू झाल्यावर बायकांना तो होण्याची शक्यता मुळातच वाढते. भरपूर पाणी प्यावं, संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. जळजळ, ताप किंवा कंबरदुखी सुरू झाली तर लाजत दिवस काढू नयेत, तिथल्याच डॉक्टरांकडे जावं.

ठिकाणाप्रमाणे अडचणी बदलतात. अंदमानात हवा बिघडली की बेटांमधल्या बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच (आताचं नाव श्री विजयपुरम) काढा. केरळातली हाउसबोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागते, आणि बऱ्याच बोटींत एसी फक्त रात्री चालतो. बुकिंग करतानाच विचारून घ्या. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही. पोचल्याचा फोन येईना की दोन्ही घरं घाबरी होतात. दोघांपैकी एकाचं सिम निघण्यापूर्वी पोस्टपेड करून घ्या आणि हॉटेलचा नंबर दोन्हीकडच्या आईवडिलांकडे लिहून ठेवा.