सहा वाजल्यानंतर बंद न होणारा लॅपटॉप

मागच्या कापसाच्या सीझनमधली गोष्ट आहे. माझं राळेगावात छोटं दुकान आहे, कॉम्प्युटर रिपेअरिंग, प्रिंटर, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म असं सगळंच. रात्री साडेआठला शटर ओढत होतो तेवढ्यात एका जिनिंगच्या काट्यावरून फोन आला. तिथं जवळच्याच खेड्यातली एक पोरगी बसते, बारावी झालेली, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती काढून देणं हे सगळं तीच एकटी पाहते.

"दादा, लॅपटॉप बंदच नाही होऊन राह्यला. शटडाऊन देल्लं तं नुसतं ते गोल गोल फिरते, पंखा चालूच आहे."

"मग रोज काय करतेस?"

"मालकानं सांगतलं बटन दाबून धर. आठ-दहा दिवस झाले, रोज तसंच करतो."

मला ऐकूनच कसंतरी झालं, कारण बटण चार-पाच सेकंद दाबून धरणं म्हणजे चालू मशीनचा वायर उपटण्यासारखंच आहे, मेमरीत लिहायचं राहिलेलं जे काही असेल ते तिथंच मरतं. तिला म्हटलं आज बटण नको दाबू, मी सांगतो तसं कर. डाव्या हातानं आल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून ठेव, आन दुसऱ्या हातानं एस दाब, थोडं थांब, मग यू, थांब, मग ओ. एस म्हणजे राहिलेलं डिस्कवर लिही, यू म्हणजे डिस्क आता फक्त वाचण्यापुरती ठेव, ओ म्हणजे पॉवर बंद. नेटवर यासाठी आर-ई-आय-एस-यू-बी अशी सहा अक्षरं सांगतात, पण तिच्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि उबंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांत या बटणांच्या सेटिंगची किंमत मुळात 176 ठेवलेली असते, त्यामुळे पहिली तीन अक्षरं तिथं चालतच नाहीत, शेवटची तेवढी चालतात. तिच्या लॅपटॉपवर एफएन पण सोबत दाबावं लागलं. तिसऱ्या खेपेला जमलं आणि पंख्याचा आवाज थांबलेला मला फोनवर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. गेटपासून बोलेरो पिकअप, ट्रॅक्टर, एक-दोन बैलगाड्या अशी लाइन लागलेली, आत रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढायची मशीनं, चालू, हवेत रूईचा बारीक कचरा. काट्याच्या खोलीत लॅपटॉपच्या जाळीवर त्या रूईचा चक्क थर बसला होता, तो आधी ब्रशनं काढला. मग शटडाऊन दिलं, सात-आठ सेकंदात बंद. परत चालू केलं, रीस्टार्ट दिलं, झालं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा झालं.

आता लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड होतं आणि त्याचा नूवो नावाचा ड्रायव्हर चालू होता, आणि या जोडीमुळं काही लॅपटॉप बंद होताना अडकतात हे मी आधी पाह्यलेलं, म्हणून ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नूवो बंद करायची एक ओळ टाकली, अपडेट-ग्रब मारलं, परत एकदा शटडाऊन करून दाखवलं. मला पटलं होतं की काम झालं. ती पोरगी बाजूला उभी राहून म्हणाली, "दादा, दिवसा तं होतेच तो बंद." मी ऐकलं, आणि हो हो म्हणून गाडीला किक मारली. सगळ्यात कामाची गोष्ट तिनं तेव्हाच सांगितली होती आणि मी ती घेतलीच नाही, याचं मला आजही वाईट वाटते.

संध्याकाळी सव्वाआठला फोन. परत तेच.

मग मी ठरवलं की आता संध्याकाळीच जाऊन बसायचं. पाच वाजता पोचलो. ती गाड्या घेत होती आणि मी मधल्या वेळात आदल्या रात्रीचा लॉग, म्हणजे मशीन स्वतःच लिहून ठेवते ती नोंद, उघडला. जर्नलसीटीएल या कमांडला मायनस बी आणि मायनस एक दिलं की मागच्या वेळी मशीन चालू असताना शेवटपर्यंत काय काय झालं ते सगळं दिसतं. पहिल्या दिवशी हेच आधी वाचायला पाहिजे होतं. त्यात संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटांनी कर्नलची, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याची, एक ओळ होती, एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग. आणि रात्री शटडाऊन दिल्यावर काट्याच्या फोल्डरचं नाव घेऊन दुसरी ओळ, अनमाउंटिंग टाइम्ड आउट, म्हणजे ते फोल्डर सोडता सोडता वेळ संपली.

एनएफएस? ती तर दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्या मशीनला जोडायची पद्धत, या एका लॅपटॉपवर नेटवर्कचं काय काम? तिला विचारलं तर म्हणाली की दिवाळीच्या आधी नागपूरहून एक सॉफ्टवेअरवाला पोरगा आल्ता, त्यानं मुनीमकाकांच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर पण लिनक्स टाकलं आणि "आता पावत्या सरळ काकाच्या कॉम्प्युटरमध्ये जातेत" असं सांगून गेला.

कोणतं फोल्डर कुठून जोडायचं ते लिहिलेली एफएसटॅब फाइल उघडली तर काकांच्या मशीनची ओळ होतीच. काट्याचा प्रोग्राम दिवसभराची एक फाइल उघडी ठेवून पावतीगणिक त्यात एक ओळ लिहायचा, आणि ती फाइल लॅपटॉपवर नव्हतीच, ती मुनीमकाकांच्या डेस्कटॉपवर होती.

मुनीमकाका म्हणजे साठीच्या पुढचे, जुन्या वळणाचे, शिस्तीचे माणूस. सहाला एसटी असते त्यांची. पावणेसहाला त्यांनी वही मिटली, कॉम्प्युटर नीट शटडाऊन केला, बोर्डाचं बटण बंद केलं, खोलीला कुलूप लावलं आणि "चलतो बा" म्हणून गेले. बाहेर अजून दोन गाड्या उभ्या होत्या. लांबून आलेल्या, शेवटच्या. ती त्यांना परत कसं पाठवणार, तिनं वजन केलं, पावत्या छापल्या, शेतकऱ्यांच्या हातात दिल्या.

पावत्या छापून निघाल्या, कारण छापायला फाइल लागत नाही. पण त्या दोन ओळी लॅपटॉपच्या मेमरीत अडकून राहिल्या, कारण जिथं लिहायच्या ते मशीन कुलपाच्या आत बंद होतं.

खात्री करायला मी टर्मिनलवर डीएफ मारलं. साधी कमांड, कोणत्या डिस्कवर किती जागा उरली ते सांगते, अर्धा सेकंदही लागत नाही. एंटर दाबलं आणि कर्सर नुसता लुकलुकत राहिला. ते पाहूनच मला समजलं की अडकलं ते इथंच.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं 1984 मध्ये आणलं, आणि पलीकडचं मशीन पडून परत उठलं तरी अलीकडच्या माणसाचं काम वाया जाऊ नये हा विचार त्यात पहिल्यापासून आहे. म्हणून हार्ड माउंटमध्ये (माउंट म्हणजे असं फोल्डर जोडणं), आणि न सांगता ते हार्डच असतं, लॅपटॉप थांबतो, परत परत विचारतो, सोडून देत नाही. शटडाऊन देलं की सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सगळं चालू-बंद करणारा प्रोग्राम, नव्वद सेकंद वाट पाहते, मग जबरदस्ती करते, मग सगळ्या डिस्कवर राहिलेलं लिहायला जाते तिथं परत तोच फोल्डर आडवा येतो. बाहेरून आपल्याला दिसतं काय तर एक गोल फिरतंय आणि पंखा चालू आहे. कंपनीचा लोगो दिसत असताना एस्केप दाबलं असतं तरी मागं "स्टॉप जॉब इज रनिंग" ही ओळ आणि पळणारे सेकंद दिसले असते, पण हे कोणी तिला कधी सांगितलंच नाही.

मालकाला फोन करून चावी मागवली. वॉचमननं खोली उघडली, मी बोर्डाचं बटण दाबलं, डेस्कटॉप चालू केला आणि पळत काट्यावर परत आलो. आम्ही दोघं स्क्रीनकडं पाहत बसलो. एक मिनिट गेलं, दोन गेले, ती म्हणाली "नाही होत वाटते जी", आणि तेवढ्यात कोणी कीबोर्डला हातही न लावता डीएफची आख्खी यादी पटापट खाली उतरली. लॉगमध्ये शेवटी नवी ओळ, एनएफएस सर्व्हर, ओके. मुनीमकाकांच्या मशीनवर जाऊन आजची फाइल उघडली. शेवटच्या दोन गाड्या, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ क्विंटल, सगळं जागच्या जागी.

मग लॅपटॉपला शटडाऊन दिलं. सात सेकंद. तिनं भिंतीवरच्या घड्याळात मोजले.

आणि तेव्हा तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून दाखवलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं पावती नंबर लिहून ठेवलेले, एकूण अकरा. या दहा-बारा दिवसांत ज्या पावत्या छापल्या पण दुसऱ्या दिवशी मुनीमकाकांच्या हिशोबात आल्याच नाहीत त्या. प्रत्येकापुढं गाडी आल्याची वेळ. सगळ्या सहाच्या नंतरच्या. "मालक म्हणतेत तुले लॅपटॉप नीट बंद करता येत नाही म्हणून एंट्र्या उडतेत," ती म्हणाली, "पगारातून कापून राह्यले." पोरगी रडत नव्हती, सरळ सांगत होती, मलाच बोलता येईना.

म्हणजे तिनं सगळं बरोबर केलं होतं. लॅपटॉपनंही बरोबरच केलं होतं, शेतकऱ्याच्या वजनाची नोंद पोचल्याशिवाय तो बंद व्हायला तयार नव्हता, आणि आपण रोज बटण दाबून ती नोंद त्याच्या हातून हिसकून फेकून देत होतो. मी सांगितलेल्या तीन बटणांनीही त्या ओळी वाचल्या नसत्या हेही खरं आहे, लॅपटॉपची स्वतःची डिस्क तेवढी वाचली.

रात्री साडेनऊपर्यंत बसून नीट केलं. फाइल आता लॅपटॉपच्याच डिस्कवर लिहिली जाते, आणि मुनीमकाकांचं मशीन चालू असलं तर दर पंधरा मिनिटांनी आरसिंक नावाचा कॉपी करायचा प्रोग्राम तिकडं कॉपी टाकतं, नसलं तर गुपचूप पुढच्या वेळेची वाट पाहतं, शटडाऊनला आडवं येत नाही. एफएसटॅबमधली ओळ नोऑटो आणि एक्स-सिस्टमडी-ऑटोमाउंटवर नेली, म्हणजे लागेल तेव्हाच जोडेल, आणि कॉपी झाली की आरसिंकची स्क्रिप्टच ते फोल्डर सोडून देते. सॉफ्ट माउंट कर, काम खतम असं बरेच जण सांगतात, पण सॉफ्टमध्ये वेळ संपली की लिहिणं अर्ध्यात सुटून जातं, पैशाच्या नोंदीला ते चालणार नाही. तसंच ते नव्वद सेकंदाचे दहा करा म्हणणारे, त्यानं लॅपटॉप लवकर बंद होतो आणि पावती तेवढ्याच लवकर मरते. मी टाकलेली नूवोची ओळ पण काढली, तिचं इथं काही कामच नव्हतं.

मालक सकाळी आले तेव्हा मी थांबूनच होतो. कॅलेंडर, लॉग, सहाच्या ओळी, सगळं त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं की यात या पोरीची एक टक्का चूक नाही जी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मुनीमकाकांना हाक मारून म्हणाले तिचे कापलेले लिहून काढा. मुनीमकाकांना जास्त लागलं, ते म्हणाले "मी तं रोज नीट बंद करत होतो पोरी, मले काय माहीत." आणि ते खरंच आहे.

अकरापैकी सात शेतकऱ्यांनी त्यांची पावती घरी जपून ठेवली होती, ती पाहून नोंदी परत घेतल्या. उरलेल्या चार गाड्यांचे नंबर तिनं नव्या कॅलेंडरच्या मागं उतरवून ठेवलेत, कोणी पावती घेऊन आलं की पाहायला.