डोळे मिटून ऐकलेला कावळा

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठीची मालिका. रिगला, म्हणजे पात्र हलवण्यासाठी आत बसवलेल्या सांगाड्याला आणि त्याच्या कंट्रोलना, मंजुरी देण्याआधी पात्रांची तपासणी आमच्याकडे आली होती: स्त्री-पुरुषांचे किंवा एखाद्या समाजाचे ठरीव साचे त्यांत शिरलेत का, हे बघायचं. मॉडेल शीट (पात्राचं प्रमाण चित्र), टर्नअराउंड (तेच सगळ्या बाजूंनी), वॉक सायकल (चालण्याचा नमुना), पहिल्या भागाची संहिता आणि टीममधल्याच कोणीतरी तात्पुरता भरलेला आवाज, म्हणजे स्क्रॅच ट्रॅक, एवढं सगळं टेबलावर. रिग पक्का झाल्यावर कंबरेची रेघ हलवायची म्हटली तरी कंट्रोल पुन्हा बसवावे लागतात, त्यामुळे जे काही बोलायचं ते त्याच दिवशी.

पात्रं सहा: म्होरक्या बीव्हर, कासव, कोल्हा, साळिंदर, कावळा आणि खार. खार तेवढी 'ती', बाकी सगळे 'तो'. १९९१ मध्ये अमेरिकन लेखिका कॅथा पॉलिट यांनी अशा मांडणीला, 'स्मर्फ' कार्टूनमधल्या एकुलत्या एका स्त्री पात्रावरून, 'स्मर्फेट प्रिन्सिपल' म्हटलं होतं: पुरुषांचा घोळका, त्यात एकच स्त्री, आणि ती स्त्री आहे हाच तिचा स्वभाव. इथे बीव्हर बांधकाम करतो, कोल्हा युक्त्या लढवतो, साळिंदर घाबरतो, कावळा खोड्या काढतो, कासव सल्ले देतं. आणि खार? संहितेत तिच्यापुढे लिहिलं होतं, 'गोड'.

पहिली चाचणी सोपी. सगळी पात्रं काळ्या रंगाने भरायची, आवाज बंद करायचा आणि फक्त चालताना बघायची. खारीचा रिबन दिसेनासा झाला, पापण्या दिसेनाशा झाल्या, तरी ती लगेच ओळखू आली. कारण होतं कमरेत. ॲनिमेटरने सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतला 'फीमेल वॉक' प्रीसेट, म्हणजे बायकी चालीचा तयार नमुना, जसाच्या तसा चढवला होता. सेकंदाला २४ फ्रेम, १२ फ्रेमला एक पाऊल, हे सगळ्यांना सारखंच. पण खारीचं प्रत्येक पाऊल मधल्या रेषेच्या पलीकडे पडत होतं आणि कंबर दर पावलाला एका बाजूला झुकत होती. फॅशन शोमध्ये चालतात तसं. खार अशी चालेल कशाला? तिच्या चालीत बघण्यासारखं काही असेल तर ते शेपूट. शरीर थांबल्यावर शेपटाचं टोक तीन-चार फ्रेम उशिरा थांबलं की खार खारीसारखी दिसते. प्रीसेट काढला आणि तेवढं एक काम नीट करायला सांगितलं.

पापण्यांचा प्रश्न यापेक्षा चिवट. बीव्हर, खार, कावळा या तिघांतही नर कोण नि मादी कोण हे नुसतं बघून कळत नाही. म्हणजे तीन केसांच्या पापण्या निसर्गातून आलेल्या नाहीत, त्या आपण चिकटवलेल्या. शिवाय त्या तांत्रिकदृष्ट्याही त्रासदायक. फोनच्या पडद्यावर पात्र छोटं झालं की तीन रेघा मिळून डोळ्याच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका होतो, आणि डोळा मिटताना रेघा वरून खाली उलटतात तेव्हा तो लुकलुकतो. तर काढून टाका, असं कोणीही म्हणेल.

काढल्या. मग ज्यांनी संहिता वाचलेली नाही अशा माणसांना क्लिप दाखवली आणि काय चाललंय ते सांगा म्हटलं. 'हा मुलगा की मुलगी?' असं विचारायचं नाही, कारण विचारलं की माणूस विचार करून उत्तर देतो. गोष्ट सांगायला लावली की क्रियापदातून खरं काय ते बाहेर येतं. प्राण्याचं नावही तोंडातून काढायचं नाही, नाहीतर 'खार' म्हटल्यावर 'ती' हे व्याकरणच ठरवून टाकतं. निकाल असा की सगळेच्या सगळे 'तो'. 'तो झाडावर चढला, तो पडला.' खूण नसलेला प्राणी प्रेक्षक पुरुष म्हणूनच वाचतो. रिबन आणि पापण्या पुसणं हा अर्धा उपाय, आणि अर्ध्यावर थांबलं तर गटातली एकुलती एक स्त्रीही गायब.

उरलेला अर्धा उपाय चित्रात नव्हताच, संहितेत होता. बीव्हरला 'ती' करा, आम्ही म्हटलं. चित्रातली एक रेघही बदलू नका. तेच पुढचे दात, तोच रुंद बांधा, तीच चपटी शेपटी, पट्ट्याला तीच हातोडी. कासवही 'ती' झालं, कारण शहाणं म्हातारं पात्र म्हणजे आजोबाच, ही सवय मोडायला याहून सोपी जागा नाही. तीन स्त्रिया झाल्या की एकीनेच सगळ्या बायकांचं ओझं वाहायची गरज उरत नाही. खार खुशाल रिबन बांधू दे, बीव्हर बांधत नाही एवढं मुलांना दिसतं. हे काम फाइंड-रिप्लेसने होत नाही. प्रत्येक क्रियापद, विशेषण, शीर्षकगीतातलं यमक, दुसऱ्यांच्या तोंडी आलेला उल्लेख, सगळं हाताने तपासावं लागतं. एखादा 'तो' हमखास गाण्यात राहून जातो.

गर्दीतल्या मुंग्यांवर फार वेळ घालवला नाही. कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात आणि इथे सगळ्यांना जाड पुरुषी आवाज होते. आवाज बदला, पुढे चला.

दिवस गाजला तो कावळ्यामुळे.

चित्रात एकच गोष्ट खटकली. काळं अंग, चोचीभोवती फिकट रंगाचा जाड काठ आणि पंखांना पांढरे हातमोजे. डिझायनरचं म्हणणं रास्त होतं: काळ्या अंगावर काळे हात दिसत नाहीत. मिकीच्या हातात १९२९ मध्ये हातमोजे आले, त्यामागे हे कारण सांगितलं जातंच. पण अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून, ओठ मोठे रंगवून, पांढरे हातमोजे घालून कृष्णवर्णीयांची टिंगल करत, त्या मिन्स्ट्रेल रंगमंचाचा ठसाही त्या काळच्या कार्टूनवर आहे. तिन्ही खुणा एकत्र आल्या की चित्र तिकडेच बोट दाखवतं. मार्ग सापडला: काठ काढला, हातमोजे काढले, पंखाची टोकाची पिसं बोटांसारखी सुटी केली आणि त्यांच्या कडांना निळसर करडा रंग दिला. हात आता पूर्वीपेक्षा चांगला वाचता येतो.

मग आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. पहिल्याच संवादाला खोलीत चुळबुळ सुरू झाली. कावळा कोणत्या माणसांसारखा बोलतोय हे प्रत्येकाला कळलं होतं. आळशी, उधारी बुडवणारा, सतत गाणारा, आणि बोली एका विशिष्ट समाजाची. पात्राच्या टिपणात यातलं अक्षरही नव्हतं. ज्याने आवाज भरला त्याने मजा म्हणून भरला, आणि मग ॲनिमेटर त्या आवाजाच्या लयीवर ओठ आणि मान हलवू लागले. स्क्रॅच ट्रॅक तात्पुरता म्हणतात खरा, पण अभिनय त्याच्यावरच बेतला जातो.

निर्माते म्हणाले, "अहो, कावळा आहे तो! माणूस कुठाय इथे?"

डिस्नेच्या १९४१ च्या 'डम्बो' या कार्टूनपटातही कावळेच होते. त्यांच्या म्होरक्याचं निर्मितीतलं नाव जिम क्रो, म्हणजे मिन्स्ट्रेल रंगमंचावरच्या पात्राचं आणि पुढे वंशभेदाच्या कायद्यांना चिकटलेलं नाव. आणि त्याला कृष्णवर्णीय ढंगाचा आवाज दिला तो क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाने. पिसं लावली म्हणून नक्कल कोणाची ते लपलं नाही.

यावर दुसरी सूचना लगेच आली: मग सगळ्यांनाच प्रमाण भाषा द्या. हे त्याहून वाईट. बोली हा दोष नाही, तिला नेमून दिलेलं काम हा दोष. आम्ही कावळ्याचे विनोदी संवाद एकेक करून सपाट आवाजात वाचले. जे तरीही हसवतात ते ठेवायचे. सपाट वाचल्यावर जो विनोद मरतो तो विनोद नव्हताच, ते बोलीला हसणं होतं. निम्म्याहून जास्त संवाद गळाले. लेखकाचा चेहरा पडला, पण उरलेल्यांत कावळा पहिल्यांदाच हुशार वाटू लागला. आता बोली हवीच असेल तर ती म्होरक्या बीव्हरलाही देता येते, आणि ती बोली घरात बोलणाऱ्या नटीकडूनच करून घ्यावी.

निघण्याआधी सहाही पात्रं ग्रेस्केलमध्ये, म्हणजे रंग काढून नुसत्या करड्या छटांत, फिकट ते गडद अशी ओळीने लावली. गडद टोकाला कावळा आणि कोल्हा, दोघेही लबाड. गडद म्हणजे लबाड असं होऊ नये म्हणून बीव्हरचा तपकिरी दोन पायऱ्या गडद केला, कोल्हा फिकट वाळूच्या रंगाचा झाला.

रिगला मंजुरी मिळाली, कावळ्याचा तोंडाच्या आकारांचा संच वगळून. तो नवा आवाज भरल्यावरच. डबिंगच्या पानावर कावळ्यापुढे बोलण्याचा वेग, आवाजाची पट्टी आणि 'कोणत्याही समाजाची नक्कल नको' असं लिहून दिलं, कारण चित्र कितीही स्वच्छ केलं तरी दुसऱ्या भाषेच्या स्टुडिओत कोणीतरी पुन्हा मजा म्हणून आवाज भरतोच.